रोखे-फंड आणि धंद्याचा नफा

व्याजानें पैसा लावणें हा व्यवहार महाराष्ट्रास नवा नाहीं. गांवचा सावकार कर्ज देण्यापूर्वीं कुळाच्या घरीं दोन फेऱ्या मारी; बैल किती, विहिरीस पाणी किती, थोरला मुलगा हाताशीं आला आहे कीं नाहीं, पूर्वींचें कोणाचें देणें थकलें आहे काय, हें सर्व तो स्वतःच्या डोळ्यांनीं पाही. त्याच्या इतर गुणदोषांविषयीं काय बोलावयाचें तें खुशाल बोलावें. परंतु ही चौकशी तो कधीं चुकवीत नसे. आजचा पगारदार किंवा निवृत्त गृहस्थ बँकेंतील मुदत-ठेव मोडून त्या पैशांत रोखे-फंडाचीं युनिटें घेतो, तेव्हां तोहि सावकारच झालेला असतो. फरक इतकाच कीं, आपण कोणास कर्ज दिलें हें त्यास ठाऊक नसतें. आणि पुष्कळदां आपण कर्ज दिलें आहे हेंच त्यास ठाऊक नसतें.

रोखे-फंड, ज्यास बाजारांत डेट फंड म्हणतात, तो काय करतो हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. अनेक लोकांचा पैसा एकत्र करून फंडाची व्यवस्थापक कंपनी त्यांतून सरकारचे, बँकांचे आणि खासगी कंपन्यांचे कर्जरोखे विकत घेते. या रोख्यांवर येणारें व्याज आणि बाजारांत त्यांच्या किंमतींत होणारी चढउतार यांचा रोजच्या रोज हिशेब होऊन युनिटाचें मूल्य ठरतें. त्या मूल्यास एनएव्ही हें इंग्रजी आद्याक्षरांचें नांव रूढ झालें आहे. मुदत-ठेवींत बँक ठराविक व्याजाचें वचन देते, आणि ठेवीस विम्याचेंहि संरक्षण असतें. त्याची मर्यादा २०२० च्या फेब्रुवारींत एक लाखावरून पांच लाखांवर नेण्यांत आली. फंडांत असें वचनहि नाहीं आणि असा विमाहि नाहीं. जें कांहीं मिळावयाचें तें कर्जदार देतील तेवढेंच.

या व्यवहारांत दोन धोके आहेत. पहिला व्याजदराचा. दहा वर्षें मुदतीचा, शंभर रुपयांचा, सात टक्के व्याज देणारा रोखा फंडाजवळ आहे असें समजावें. उद्यां नव्या रोख्यांवर आठ टक्के मिळूं लागले, तर जुना रोखा शंभरास कोण घेईल? त्याची किंमत ९३ रुपये २९ पैशांवर येते. मुदत दोनच वर्षें उरली असेल तर मात्र ती ९८ रुपये २२ पैशांपर्यंतच उतरते. मुदत जितकी लांब तितकी ही घसरण मोठी, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे या धोक्याचें बहुतेक गणित कळलें. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेनें रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर नेला, त्या काळांत लांब मुदतीचे रोखे बाळगणाऱ्या फंडांना हें गणित अनुभवावें लागलें. परंतु हा तोटा काळानें भरून येणारा आहे; मुदत संपली म्हणजे सरकार त्या रोख्याचे शंभर रुपये मोजून देतें. कर्जदारच बुडाला तर होणारा तोटा निराळ्या जातीचा. तो वाट पाहून भरून येत नाहीं, आणि आजच्या विषयाचा गाभा तोच आहे.

कर्जदार बुडेल कीं तरेल हें सांगण्यासाठीं पतमानांकन करणाऱ्या कंपन्या आहेत, आणि फंड विकणारा गृहस्थ बहुधा त्यांच्या अक्षरांकडेच बोट दाखवितो. तीं अक्षरें निरुपयोगी आहेत असें नव्हे. पण मुंबईच्या आयएल अँड एफएस या पायाभूत कामांना कर्ज पुरविणाऱ्या कंपनीचें उदाहरण फार जुनें नाहीं. २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत तिच्या कर्जास सर्वोच्च मानांकन होतें, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत तिनें हप्ते चुकविले. तिच्या समूहाचें एकूण देणें ९०,००० कोटी रुपयांहून अधिक निघालें. १ ऑक्टोबर २०१८ रोजीं जुनें संचालक मंडळ दूर करून सरकारनें नवें नेमलें. तिचे रोखे बाळगणाऱ्या फंडांत ज्यांचा पैसा होता, त्यांपैकीं कित्येकांना या कंपनीचें नांव प्रथम वर्तमानपत्रांत वाचावयास मिळालें. म्हणून अक्षरांपलीकडे जाऊन, सावकार विहिरीचें पाणी पाही तसें, कर्जदाराच्या धंद्यांत व्याज देण्याजोगें पाणी किती आहे हें पाहण्याची वेळ येते. हें मोजण्याचें माप म्हणजे धंद्याचा नफा, ज्यास ऑपरेटिंग प्रॉफिट म्हणतात. दुर्दैव असें कीं हें माप एक नाहीं; अनेक आहेत, आणि प्रत्येक कंपनी स्वतःस शोभून दिसेल तेंच पुढें करते.

कोल्हापूरहून गूळ घेऊन पुण्यास जाणारा एक मालवाहू टेंपो कल्पावा. त्याचें वर्षाचें भाडें ७,२०,००० रुपये. डिझेल, चालकाचा पगार, टोल, टायर आणि किरकोळ दुरुस्ती मिळून खर्च ४,२०,०००. हातीं उरले ३,००,०००. हा जो आंकडा, त्यालाच एबिट्डा म्हणतात; म्हणजे व्याज, कर आणि मालमत्तेची झीज वजा करण्यापूर्वींचा नफा. परंतु टेंपो रोज झिजत असतो. तो ८,००,००० रुपयांस घेतला आणि आठ वर्षांनीं भंगारांत निघाला, तर दर वर्षीं १,००,००० रुपयांचा टेंपो रस्त्यावर झिजून जातो. ही झीज म्हणजे घसारा. ती वजा केली कीं राहिले २,००,०००. यास एबिट म्हणतात, आणि धंद्याचा नफा या शब्दास खरोखर शोभणारा आंकडा हाच. टेंपो कर्जानें घेतला असेल व व्याज अकरा टक्के असेल, तर पहिल्या वर्षीं व्याजाचे ८८,००० रुपये जातात. उरतात १,१२,०००. त्यांतून कर द्यावयाचा, मुद्दलाचा हप्ता भरावयाचा, आणि घरहि चालवावयाचें.

आतां कर्ज देणाऱ्याच्या बाजूनें पाहावें. पहिल्या मापानें पाहिलें तर नफा व्याजाच्या तिपटीहून अधिक आहे. दुसऱ्यानें पाहिलें तर जेमतेम सव्वादोन पट. चांगल्या वर्षीं हा फरक कोणास टोंचत नाहीं. एखाद्या वर्षीं गुळाचा हंगाम पडला आणि भाडें सहाव्या हिश्शानें घटून ६,००,००० वर आलें, खर्च मात्र होता तोच राहिला, तर पहिल्या मापाचा नफा १,८०,००० होतो. अद्यापहि तो व्याजाच्या दुपटीहून अधिक! मालकाच्या कागदावर सर्व आलबेल दिसतें. घसारा वजा करतांच मात्र ८०,००० उरतात, आणि व्याज आहे ८८,०००. म्हणजे मालक व्याज देत आहे तें धंद्यांतून नव्हे, टेंपोंतून. दर महिन्यास टेंपोचा एक तुकडा मोडून तो सावकारास देत आहे. आठव्या वर्षीं टेंपो नसेल, आणि नवा घेण्यास पैसाहि नसेल. अशा कर्जदाराचें व्याज कित्येक वर्षें बिनचूक येत राहतें, हीच त्यांतली फसगत.

एबिट्डा हें माप मुळांत वाईट हेतूनें निघालें नव्हतें. अमेरिकेंत टीसीआय नांवाची केबल टेलिव्हिजनची कंपनी होती. १९७० नंतरच्या दशकांत तिचे चालक जॉन मॅलोन यांनीं हें माप रूढ केलें असें मानलें जातें. शहरोशहरीं तारा टाकण्याचा खर्च एकदांच, प्रचंड आणि आरंभीं. पुढें वर्षानुवर्षें वर्गणी येत राहावयाची. अशा धंद्यांत आरंभींच्या घसाऱ्यानें नफा झाकला जातो, तेव्हां तो बाजूस ठेवून पाहण्यांत अर्थ होता. पुढें कर्ज काढून कंपन्या विकत घेण्याचा सुकाळ आला, आणि अधिक कर्ज पेलण्याची ऐपत दाखविण्यासाठीं हा मोठा आंकडा सर्वांनाच सोयीचा वाटूं लागला. ज्या धंद्याचीं यंत्रें चार-पांच वर्षांत कालबाह्य होतात त्यांनींहि तो उचलला. वॉरन बफे यांच्यासारख्या जुन्या गुंतवणूकदारानें या मापाची अनेकदां थट्टा केली आहे. नव्या यंत्रांचा खर्च कोणी दुसरा येऊन भागवितो काय, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय.

खर्च आणि मालमत्ता यांच्यामधील रेघ जरा सरकविली कीं हें माप किती फुगतें, याचें उदाहरण वर्ल्डकॉम या अमेरिकन दूरध्वनी कंपनीनें घालून दिलें. इतर कंपन्यांच्या तारा वापरल्याबद्दल तिला भाडें द्यावें लागे. तो रोजचा, डिझेलसारखा खर्च. २००१ मध्यें आणि २००२ च्या पहिल्या तिमाहींत या भाड्यापैकीं सुमारे ३८० कोटी डॉलर तिच्या हिशेबनिसांनीं खर्चांत न दाखवितां मालमत्तेच्या खात्यांत टाकले. मालमत्ता म्हटली कीं तिचा घसारा; आणि घसारा तर एबिट्डांतून वजाच होत नाहीं. एवढ्या रकमेनें नफा वाढलेला दिसला. कंपनीच्या अंतर्गत तपासनिसांनीं तें उघडकीस आणलें, आणि २१ जुलै २००२ रोजीं वर्ल्डकॉमनें दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यापूर्वीं चौदा महिने, मे २००१ मध्यें, याच कंपनीनें सुमारे १,१८० कोटी डॉलरांचे कर्जरोखे विकले होते. ते घेणाऱ्यांत मोठमोठे फंड होते, आणि फंडांच्या मागें अर्थातच लहान लहान माणसें होतीं.

वर्ल्डकॉमचा तो सरळ अपराध होता, आणि संस्थापक बर्नार्ड एबर्स यांना त्यासाठीं २००५ मध्यें पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. त्याहून मौजेचें उदाहरण वीवर्कचें, कारण त्यांत कांहींच लपविलेलें नव्हतें. न्यूयॉर्कची ही कंपनी इमारती दीर्घ मुदतीनें भाड्यानें घेई आणि त्यांतील टेबलें-खुर्च्या महिनेवारीनें भाड्यानें देई. एप्रिल २०१८ मध्यें तिनें ७.८७५ टक्के व्याजाचे ७०.२ कोटी डॉलरांचे रोखे विकले. त्यापूर्वींच्या वर्षीं तिला ९३.३ कोटी डॉलर तोटा झाला होता. परंतु रोख्यांच्या कागदपत्रांत ‘कम्युनिटी अ‍ॅडजस्टेड एबिट्डा’ असें एक नवेंच माप छापलेलें होतें. त्यांत जाहिरात, कार्यालयीन व्यवस्था, नव्या जागांची उभारणी असे खर्चहि वगळलेले होते, आणि त्या मापानें २३.३ कोटी डॉलर नफा दिसत होता. आमटींतून मीठ, तिखट, डाळ वगळून तिला चव आहे म्हणावें, तसा हा प्रकार. तरीहि रोखे खपले. नोव्हेंबर २०२३ मध्यें वीवर्क दिवाळखोरींत गेली.

येथें भाड्याविषयीं एक गोष्ट सांगणें जरूर आहे, कारण ती पुढील हकीकतींत कामास येते. वरील टेंपोच्या मालकानें टेंपो विकत न घेतां वर्षास १,२०,००० रुपये देऊन भाड्यानें घेतला असता, तर त्याचा एबिट्डा ३,००,००० नव्हे, १,८०,००० दिसला असता. परंतु भारतांत १ एप्रिल २०१९ पासून मोठ्या कंपन्यांना इंड-एएस ११६ हा हिशेबाचा नवा नियम लागू झाला. त्यानुसार दीर्घ मुदतीचें बहुतेक भाडें आतां खर्चांत लिहीत नाहींत. त्याचे घसारा आणि व्याज असे दोन भाग पाडतात. दोन्ही भाग एबिट्डाच्या रेघेखालीं जातात. परिणाम असा कीं, खिशांत एक रुपयाहि जास्त न येतां आंकडा पुन्हां ३,००,००० होतो. नियमांत लबाडी नाहीं. भाड्याचें बंधन हेंहि एक कर्जच आहे, आणि तें ताळेबंदांत दिसावें हा त्याचा हेतु योग्यच आहे. मात्र मार्च २०१९ चा आंकडा आणि त्यानंतरचा आंकडा शेजारीं शेजारीं मांडून नफा वाढला म्हणणाऱ्यापासून सावध राहावें.

आणखी एक प्रकार थोडक्यांत. रोखे-फंडांत बँका आणि कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्या यांचे रोखे पुष्कळ असतात. त्यांना एबिट्डा हें माप लागूच पडत नाहीं. व्याज हा त्यांचा कच्चा माल, तो वगळून नफा मोजणें म्हणजे सोनाराचा नफा सोन्याची किंमत न धरतां मोजणें. त्यांचा ऑपरेटिंग प्रॉफिट म्हणजे बुडीत कर्जासाठीं तरतूद करण्यापूर्वींचा नफा. ती तरतूद किती करावी हें बऱ्याच अंशीं कंपनीच्या मनावर असतें, आणि तीच अपुरी असली तर वरचा आंकडा कितीहि गोजिरवाणा दिसो, त्याचा उपयोग नाहीं. गृहकर्जें देणाऱ्या डीएचएफएलनें ४ जून २०१९ रोजीं व्याजाचा हप्ता चुकविला, तेव्हां तिचे रोखे भरपूर बाळगणाऱ्या एका फंडाचें मूल्य एका दिवसांत जवळजवळ निम्म्यावर आलें होतें.

आतां ज्या हकीकतींत हीं सर्व सूत्रें एकत्र आलीं ती व्होडाफोन आयडिया कंपनीची. ऑगस्ट २०१८ अखेर दोन मोठ्या दूरध्वनी कंपन्या एक होऊन ती जन्मास आली. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओ बाजारांत उतरल्यापासून दरांची जी कत्तल चालली होती, तींत टिकाव धरण्यासाठीं हें लग्न होतें. २०१९-२० या वर्षांत तिचें उत्पन्न सुमारे ४५,००० कोटी रुपये होतें आणि एबिट्डा, नव्या भाडे-नियमाच्या मदतीनें, १५,००० कोटींच्या आसपास. शंभर रुपयांच्या उत्पन्नांत तेहतीस रुपयांचा नफा! असा धंदा कोणास आवडणार नाहीं? पण त्याच वर्षाचें व्याज व तत्सम खर्च १५,००० कोटींहून अधिक होता, आणि घसारा २४,००० कोटींहून अधिक. टेंपोचें गणित येथें अक्षरशः लागू पडतें. एबिट्डा सगळा व्याजांतच गेला. मनोरे, तारा, यंत्रें आणि सरकारकडून लिलावांत घेतलेल्या लहरींचे परवाने यांची झीज भरून काढण्यास काहींच उरलें नाहीं.

खरा घाव मात्र या दोन्ही मापांच्या बाहेरून आला. दूरध्वनी कंपन्यांनीं आपल्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा परवान्याबद्दल सरकारास द्यावयाचा, अशी व्यवस्था १९९९ च्या धोरणापासून होती. उत्पन्न म्हणजे काय, यावर मात्र वाद होता. ठेवींवरचें व्याज, जागेचें भाडें, लाभांश हेंहि त्यांत धरावें असें सरकार म्हणे. कंपन्या नाहीं म्हणत. अनेक वर्षें तंटा चालला आणि २४ ऑक्टोबर २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारच्या बाजूनें निकाल दिला. थकबाकीवर व्याज, दंड आणि दंडावर व्याज चढून व्होडाफोन आयडियावरील सरकारी मागणी सुमारे ५८,००० कोटींची झाली. त्या वर्षीं कंपनीचा तोटा सुमारे ७३,९०० कोटी रुपये होता. भारतांतील कोणत्याहि कंपनीनें तोंवर एका वर्षांत एवढा तोटा दाखविला नव्हता. हा तंटा गुप्त नव्हता. न्यायालयांत असलेलें असें देणें वार्षिक अहवालाच्या शेवटीं, हिशेबाच्या टिपांत, ‘संभाव्य देणीं’ या मथळ्याखालीं लिहिण्याची पद्धत आहे. नफ्याच्या आंकड्यासाठीं जाहिरातीचें पहिलें पान, आणि या टिपांसाठीं बारीक अक्षर. कर्ज देणाऱ्यानें अहवाल मागून पुढें वाचावा, ही जुन्या हिशेबनिसांची रीत उगीच पडलेली नाहीं.

व्होडाफोन आयडियाचे रोखे फ्रँकलिन टेंपल्टन या म्युच्युअल फंडाच्या अनेक योजनांत होते. १६ जानेवारी २०२० रोजीं न्यायालयानें फेरविचाराचा अर्ज फेटाळला आणि त्याच दिवशीं फंडानें त्या रोख्यांची किंमत आपल्या वहींत शून्य केली. काहीं योजनांचें मूल्य एका दिवसांत चार टक्क्यांहून अधिक घसरलें. पुढें हे रोखे वेगळ्या कप्प्यांत काढण्यांत आले; यास साइड पॉकेट म्हणतात, आणि सेबीनें त्याची परवानगी आयएल अँड एफएसच्या अनुभवानंतर डिसेंबर २०१८ मध्यें दिलेली होती. आणि मग १० जुलै २०२० रोजीं, त्यांतील ८.२५ टक्के व्याजाच्या रोख्याची मुदत भरतांच, कंपनीनें १,२५२ कोटींहून अधिक रक्कम चुकती केली! शून्य किंमतीचा कागद पूर्ण किंमतीनें वटला. एनएव्ही हा मोजलेला पैसा नसून एका दिवसाचा अंदाज आहे, हें याहून स्पष्ट करणारें उदाहरण सांपडणें कठीण. जानेवारींत घाबरून जे आधींच बाहेर पडले, त्यांना घसरलेला भाव मिळाला. जे राहिले त्यांच्या वांट्यास जुलैचा पैसा आला.

राहणाऱ्यांची परीक्षा मात्र संपली नव्हती. मार्च २०२० मध्यें महामारीची टाळेबंदी आली, जो तो पैसे काढूं लागला, आणि कमी मानांकनाच्या रोख्यांना बाजारांत गिऱ्हाईक उरलें नाहीं. काढणाऱ्यांना पैसे देण्यासाठीं या फंडाच्या काहीं योजनांनीं बँकांचें कर्जहि काढलें. २३ एप्रिल २०२० रोजीं फ्रँकलिन टेंपल्टननें सहा योजना एकदम गुंडाळल्याचें जाहीर केलें. लो ड्युरेशन, अल्ट्रा शॉर्ट बॉंड, शॉर्ट टर्म इन्कम, डायनॅमिक अ‍ॅक्रुअल, क्रेडिट रिस्क आणि इन्कम ऑपॉर्च्युनिटीज अशीं त्यांचीं नांवें. २५,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम आणि सुमारे तीन लाख गुंतवणूकदार त्यांत अडकले. चार दिवसांनीं रिझर्व्ह बँकेनें म्युच्युअल फंडांसाठीं ५०,००० कोटींची उसनवारीची सोय जाहीर केली. इतर फंडांवरील धाड त्यामुळें थांबली, या सहांना तिचा उपयोग नव्हता. यांपैकीं पहिल्या तीन नांवांवरून मनुष्यास काय वाटावें? अल्प मुदत, अत्यल्प मुदत, म्हणजे जवळजवळ बचत खातेंच. मुदतीचा शब्द नांवांत होता. कर्जदाराच्या दर्जाचा शब्द नव्हता. तो पाहावयाचा असता तर फंड दर महिन्यास आपल्याजवळील सर्व रोख्यांची यादी प्रसिद्ध करतात, तींत पाहावा लागता. त्या यादींत प्रत्येक कर्जदाराचें नांव, त्याचें मानांकन आणि फंडांतील त्याचा शेंकडा वाटा दिलेला असतो. सरकारी रोख्यांचा किंवा सर्वोच्च मानांकनाच्या बँकांचा फंड सहा टक्के देत असतां दुसरा फंड नऊ टक्के देतो, तर ते तीन टक्के कोण देतो हें त्या यादींतच लिहिलेलें असतें. त्यांतील पहिलीं पांच-सहा खासगी नांवें घ्यावीं, आणि प्रत्येकीचे तिमाही हिशेब काढून एबिट्डा नव्हे, घसारा वजा केलेला नफा व्याजाच्या किती पट आहे तें पाहावें. जोडीस रोकड प्रवाहाचें पत्रकहि चाळावें. विक्री वहींत झाली आणि पैसे आले नाहींत, असें असेल तर तें तेथें उघडें पडतें. हें काम एका संध्याकाळचें आहे. ज्यांना तेवढेंहि करावयाचें नाहीं त्यांनीं अधिक व्याजाच्या फंडाकडे वळूं नये. मुदत-ठेव किंवा सरकारी रोख्यांचा अल्प मुदतीचा फंड त्यांना पुरेसा आहे.

सहा योजनांचा शेवट काय झाला तें सांगितलें पाहिजे. गुंतवणूकदार न्यायालयांत गेले. युनिटधारकांच्या संमतीवांचून योजना गुंडाळतां येणार नाहींत, असा निकाल कर्नाटक उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०२० मध्यें दिला. डिसेंबरांत मतदान होऊन बहुमतानें ती संमति मिळाली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें फेब्रुवारी २०२१ मध्यें ९,१२२ कोटींचा पहिला हप्ता वांटण्यांत आला, आणि पुढें एकामागून एक रोखे वसूल होत जाऊन एकंदर परत आलेली रक्कम २३ एप्रिल २०२० च्या मूल्याहून अधिकच भरली. कर्जदारांपैकीं बहुतेक बुडाले नव्हते; त्यांना वेळ हवा होता. वेळ नव्हता तो युनिटधारकांजवळ. टाळेबंदीच्या त्या उन्हाळ्यांत ज्याची नोकरी गेली होती, ज्याच्या घरीं रुग्णालयाचें बिल भरावयाचें होतें किंवा मुलीच्या शिक्षणाची फी द्यावयाची होती, त्याला आपल्या या ‘अत्यल्प मुदतीच्या’ पैशांतील पहिला हप्ता मिळण्यास जवळजवळ दहा महिने लागले.